तलवार कोणाची, कोयता कोणाचा?

धारदार शस्त्र जवळ बाळगण्यावर आणि ते घेऊन हिंडण्यावर सरकारने बंधन घालावे काय? वाचकहो, माझे उत्तर निःसंदिग्ध आहे. बंधन घालावे, परंतु ते शस्त्रावर असावे. शस्त्र धरणाराची जात आणि ऐपत पाहून ते सैल वा घट्ट होता कामा नये.

आपल्यातील काही तरुण यावर उसळून विचारतात, "आमच्या पूर्वजांच्या हाती शस्त्र येऊ दिले नाही, आता आम्हालाच बंदीचा उपदेश का?" प्रश्न रास्त आहे. मनुस्मृतीने शस्त्रधारणेची मुभा द्विजांना दिली, शूद्रांना दिली नाही. चातुर्वर्ण्याविरुद्ध बंड का झाले नाही याचे एक कारण बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रबंधात हेच सांगितले आहे, की ज्यांनी बंड करावयाचे त्यांच्या हाती शस्त्रच नव्हते.

मग त्याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत कोणती भूमिका घेतली? ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी उपसूचना मांडली होती. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातही हा हक्क होता. बाबासाहेबांनी ती उपसूचना नाकारली. इंग्रजी अमलात येथील युरोपियनाला परवान्यावाचून शस्त्र मिळे, हिंदी माणसाला मिळत नसे. देशाचा लढा या भेदाविरुद्ध होता. भेद गेल्यावर सराईत गुन्हेगारालाही बाजारातून हवे ते हत्यार नेता येऊ लागले, तर राज्य चालावे कसे, असा त्यांचा सवाल होता. या दोन भूमिकांत विसंगती नाही. दोहोंचे सूत्र एकच आहे: शस्त्राच्या बाबतीत भेद नको आणि बेबंदपणाही नको. शस्त्राची मोकळीक मिळाली तर ते प्रथम कोणाच्या हाती जाईल? ज्याच्यापाशी जमीन, पैसा आणि ठाण्यात वशिला आहे त्याच्याच.

आता कायदा पाहा. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला सर्वत्र परवाना लावला. तलवार, खंजीर, भाला यांना मात्र केंद्र सरकार चौथ्या कलमाखाली अधिसूचना काढील त्याच प्रदेशात परवाना लागतो. नियमांनी पात्याचे मापही सांगितले: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद. घरगुती, शेतकी व औद्योगिक कामाची हत्यारे त्यांतून वगळली आहेत, आणि ते योग्यच आहे. चर्मकाराची रापी, ऊसतोड मजुराचा कोयता, शेतमजुराचा विळा ही पोटाची साधने होत. शिखांच्या कृपाणाची मुभा तर घटनेच्या २५ व्या अनुच्छेदानेच उघडपणे दिली आहे. तिचा हवाला देऊन इतर कोणी आपल्या तलवारीला परंपरेचे म्यान चढवू नये.

पण अंमल कसा होतो? पुण्यात कोयत्याने दहशत घालणाऱ्या टोळ्या माजल्या, तेव्हा २०२३ साली पोलिसांनी कोयता घेणाराचे आधार कार्ड पाहण्यास विक्रेत्यांना सांगितले. रस्त्यात कोयता नाचविणाराला जरूर पकडा! परंतु ज्याचे पोट कोयत्यावर आहे त्याने ओळख पटवीत बसावे, आणि ज्याला तलवारीचे काडीचेही काम नाही त्याने ती व्यासपीठावर भेट म्हणून घ्यावी, उपसून दाखवावी, मिरवणुकीत नाचवावी, हा कुठला न्याय? आपल्या वस्तीसमोर उपसलेले पाते ही वस्तीला दिलेली धमकीच असते. हाच नियम आपल्या मिरवणुकांनाही लागू करा. आपली हरकत नाही.

कोणी म्हणेल, खून करणारा कायदा विचारीत नाही. स्वयंपाकघरातली सुरीही त्याला पुरते. खरे आहे. परंतु शस्त्र घेऊन हिंडणे हाच अपराध ठरला, तर पोलिसाला वार होण्याची वाट पाहावी लागत नाही. बंदीचा उपयोग एवढाच आहे, आणि तो थोडा नाही.

अॅट्रॉसिटी कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील तिसरा नियम पाहा. अत्याचारप्रवण क्षेत्रात दलितेतरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि जरूर पडल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे तो सांगतो. पण जप्तीचे कलम बंदुकीपाशीच थांबते. गावातला हल्ला काय बंदुकीनेच होतो? कुऱ्हाड आणि तलवार यांचे काय? म्हणून आमची मागणी अशी, की अशा प्रत्येक क्षेत्रास चौथे कलम लागू करावे आणि जप्तीच्या नियमात धारदार शस्त्रांचा स्पष्ट उल्लेख करावा.

तोवर हाती असलेला कायदा वापरा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली जिल्हाधिकारी व पोलीस आयुक्त तलवारी, भाले, सुरे बाळगून फिरण्यास मनाई करू शकतात. वाचकहो, उपसलेले पाते दिसले तर उत्तरादाखल पाते उचलू नका. तारीख, वेळ, ठिकाण लिहून घ्या. त्या दिवशी मनाई हुकूम जारी होता काय, ते विचारा. लेखी फिर्याद द्या आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. ठाण्याने फिर्याद नाकारली तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा.