मुका मार आणि बहिरी व्यवस्था

रस्त्यावर अपघात झाला की जमलेली गर्दी प्रथम रक्त शोधते. रक्त दिसले तर धावपळ होते, रिक्षा अडविली जाते, कोणी आपला रुमाल काढून देतो. रक्त दिसले नाही तर सारे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि कोणीतरी जाणत्याच्या सुरात म्हणतो, "काही नाही, मुका मार आहे." दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण कपडे झाडून उभा राहतो, घोटभर पाणी पितो व घरी जातो. घरी त्यास हळद घातलेले दूध मिळते, दुखणे थांबविणारी एक गोळी मिळते आणि पोटाला शेक मिळतो. पहाटे तो घामाने थबथबून उठतो व मोरीच्या दाराशी कोसळतो. हे चित्र ज्यास अतिरंजित वाटेल, त्याने कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रपाळी करणाऱ्या निवासी डॉक्टरास विचारून पाहावे.

देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचाच अहवाल सांगतो. पुढील साली हा आकडा १,७२,००० च्याही वर गेला. लोकलमधून पडणारे, बांधकामाच्या परांचीवरून कोसळणारे ह्यांची गणना निराळीच. ह्या देशात गोळीने वा सुऱ्याने घायाळ होणारे तुलनेने थोडे. बहुतेकांच्या वाट्यास येतो तो मुका मारच. मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील चार मोठ्या शिक्षण-रुग्णालयांच्या नोंदींचा जो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात दाखल झालेल्या जखमींपैकी सुमारे पाचांतील एक तीस दिवसांच्या आत दगावल्याचे आढळले. हे सर्व मृत्यू अटळ होते असे म्हणण्यास आम्ही तयार नाही.

मुका मार फसवा असतो तो शरीराच्याच एका गुणामुळे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील दीड लिटरपर्यंत रक्त पोटात वा छातीत साचले तरी तरुण, निरोगी देह रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब जवळजवळ पूर्ववत राखतो. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, माणूस अस्वस्थ होतो; परंतु रक्तदाबाच्या यंत्रावर आकडा मात्र समाधानकारक दिसतो. तो आकडा घसरू लागतो तेव्हा बराच वेळ हातचा गेलेला असतो. पाणथरी फाटली तर दुखते डावा खांदा, आणि रुग्ण म्हणतो, खांद्यावर पडलो असेन! सायकलचा दांडा पोटात घुसलेल्या मुलाच्या कातडीवर एखादा निळसर डाग दिसतो. आत स्वादुपिंड मणक्यावर चिरडलेले असते. डोक्यावर आपटलेला माणूस शुद्धीवर येऊन नीट बोलतो आणि दोन-चार तासांनी पुन्हा बेशुद्ध होतो, कारण कवटीच्या आत रक्ताची गाठ वाढत असते. आतडे फुटल्याची लक्षणे तर कधी कधी दुसऱ्या दिवशी उमटतात. पहिल्या दिवशीच्या सी. टी. स्कॅनमध्येही ते निसटू शकते.

तेव्हा अशा इजेचे निदान एका दृष्टिक्षेपात होत नाही. त्यास क्रम लागतो. हा क्रम जगास मिळाला तोही एका अपघातातूनच. १९७६ च्या फेब्रुवारीत जेम्स स्टायनर ह्या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाचे छोटे विमान नेब्रास्कातील शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुले जबर जखमी झाली आणि जवळच्या रुग्णालयात त्यांच्यावर झालेले उपचार पाहून हा गृहस्थ, स्वतः डॉक्टर असून, हादरला. त्याच्या संतापातून १९७८ साली डॉक्टरांसाठी पहिला प्रशिक्षणवर्ग निघाला. त्याची शिकवण साधी आहे: प्रथम मान स्थिर ठेवून श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, मग शुद्धी, आणि शेवटी सर्व वस्त्रे काढून पाठीसकट संपूर्ण तपासणी. जी गोष्ट आधी मारील ती आधी पाहावी, निदानाचे नाव नंतर ठरले तरी चालेल. छातीत हवा कोंडली असेल तर एक्स-रेची वाट न पाहता बोटांनी व कानांनी ओळखून ती सुईने सोडावी लागते. ज्या तालुक्याच्या गावी महामार्ग जातो तेथील किती डॉक्टरांस हे प्रत्यक्ष शिकविले गेले आहे, हा प्रश्न आम्ही आरोग्यखात्यास विचारू इच्छितो.

आता सोनोग्राफीचा मुद्दा. पोटात, छातीत वा हृदयाभोवती रक्त साचले आहे काय, हे रुग्णाच्या खाटेशीच तीन-चार मिनिटांत पाहण्याची पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. रक्तदाब घसरलेला रुग्ण आणि पोटात रक्त, असे दिसले की त्यास सी. टी. च्या रांगेत न लावता सरळ शस्त्रक्रियागृहात न्यावयाचे, हा सर्वमान्य नियम होय. परंतु आपल्याकडे हे यंत्र १९९४ च्या गर्भलिंगनिदान-प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते. त्याची नोंदणी, ते चालविणाऱ्याची पात्रता, ते एका जागेहून दुसरीकडे हलविणे, ह्या सर्वांवर बंधने आहेत. ती योग्यच आहेत. असा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला, ह्याचा आम्हांस अभिमान आहे, आणि डॉक्टरांच्या सोयीसाठी तो सैल करावा अशी मागणी कोणी करील तर आम्ही तिला विरोध करू. तथापि अपघात विभागातील तरुण डॉक्टराने पोटातील रक्त पाहताना कारवाईच्या धास्तीने हात आखडता घ्यावा, हेही मुलींचे रक्षण नव्हे. यंत्र अपघात विभागातच बांधलेले असावे, प्रत्येक तपासणीची आपोआप नोंद राहावी, आणि अपघाताच्या रुग्णांपुरती प्रशिक्षित डॉक्टरांस स्पष्ट लेखी परवानगी असावी. एवढी तरतूद करण्यास प्रचंड बुद्धिमत्ता लागते असे नाही.

हेही खरे की, सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणजे काही झालेच नाही असे ठरत नाही. आणि येथेच आमच्या मते सर्वांत मोठी उणीव आहे. एकेकाळी पाणथरी फाटली की ती काढून टाकीत. आज रुग्णाची नाडी व रक्तदाब स्थिर असेल तर पाणथरी वा यकृत फाटूनही बहुतेकांस शस्त्रक्रियेविना बरे करता येते. मात्र ह्यास एक अट आहे. दर पंधरा मिनिटांनी, मग दर तासाला कोणीतरी नाडी मोजली पाहिजे, त्याच हाताने पोट पुन्हा पुन्हा चाचपले पाहिजे, रक्त तयार हवे आणि शल्यचिकित्सक हाकेच्या अंतरावर हवा. चाकू म्यान करण्याचे धाडस जागत्या पहाऱ्यावरच करता येते. आमच्या सार्वजनिक रुग्णालयांत एकेका परिचारिकेच्या माथी किती खाटा असतात हे सर्वांस ठाऊक आहे. यंत्रखरेदीच्या निविदेची बातमी होते, फीत कापली जाते. रात्री दोन वाजता नाडी मोजणारी जागा मात्र वर्षानुवर्षे रिक्त राहते. "ट्रॉमा केअर सेंटर" अशी पाटी लावलेल्या प्रत्येक इमारतीत मध्यरात्री सोनोग्राफी कोण करतो व रक्त किती मिनिटांत मिळते, हे शासनाने जिल्हावार प्रसिद्ध करावे.

औषधाच्या बाबतीत तर पैशाचीही सबब नाही. जपानमध्ये साठ वर्षांपूर्वी शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे स्वस्त इंजेक्शन रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी करते, हे २०१० साली ४० देशांतील २०,००० हून अधिक जखमींवर झालेल्या चाचणीत सिद्ध झाले; त्यात भारतातील रुग्णालयेही होती. ते तीन तासांच्या आत दिले पाहिजे. त्यानंतर दिल्यास ते उलट अपाय करू शकते. म्हणजे ज्या रुग्णास "वर न्या" अशी चिठ्ठी देऊन एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरविले जाते, त्याचे हे तीन तास वाटेतच संपतात. जखमीवर आधी उपचार, मग पोलिसी सोपस्कार, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच बजाविले आहे.

२०२५ च्या मे महिन्यात केंद्राने रस्ते-अपघातातील जखमींस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देणारी योजना अधिसूचित केली, तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु तिची मुदत अपघातापासून सात दिवसांची आहे. मुका मार लागलेला माणूस पहिल्या रात्री "काही नाही" म्हणून घरी पाठविला गेला आणि तिसऱ्या दिवशी पोट फुगून परत आला, तर पहिल्या रात्रीची नोंदच त्याचा आधार ठरणार. ती नोंद न करता तोंडी निरोप देण्याची प्रथा तत्काळ बंद झाली पाहिजे. घरी पाठविताना प्रत्येकाच्या हाती मराठीत छापलेला एक कागद द्यावा. पोटदुखी वाढली, खांदा दुखू लागला, घेरी आली, उलट्या झाल्या, लघवीतून रक्त गेले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर घटकाभरही न थांबता परत या, एवढेच त्यावर असावे. आणि घरी जागून हे पाहणारे कोण आहे, त्याचे नाव डॉक्टराने विचारून लिहून घ्यावे. ह्यासाठी मंत्रिमंडळाचा ठराव लागत नाही. महापालिकेच्या छापखान्यातून हा कागद ह्याच आठवड्यात निघू शकतो.