जुन्या औषधाला वाली कोण?

मंडळी, दात काढताना भूल द्यायला वापरतात ते लिडोकेन. पेटंट केव्हाच संपलंय, किंमत अगदी किरकोळ. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमने स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी तेच गाठीभोवती टोचून पाहिलं. ११ केंद्रं, १६०० बायका. २०२३ साली निकाल छापून आला. पाच वर्षांनी हयात: इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के, दिलेल्यांत ९०.१!

पैसा कोणाचा? अणुऊर्जा खात्याचा. बरोबरच आहे, ज्यात नफा नाही त्यात कंपनी कशाला पडेल? पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसवाल्या घराला परवडतील असे इलाज हेच. म्हणून म्हणतो, संशोधक आणि कंपन्यांची भागीदारी जरूर होऊ दे, पण जुन्या स्वस्त औषधांच्या चाचण्यांचा खर्च सरकारनेच उचलायला हवा. पटतंय का?