फिर्यादीच न्यायाधीश

दहा तासांचा नुसता ‘सूंऽऽ’ असा आवाज. ना सूर, ना ताल, ना शब्द. ऑस्ट्रेलियातील संगीतकार सबॅस्टियन टॉमझॅक यांनी तो स्वतः तयार करून यूट्यूबवर ठेवला होता. २०१८ च्या जानेवारीत त्यांना आढळले, की या आवाजावर पाच मालकी-दावे लागले आहेत! ऐकून आपल्याला हसू येते. ज्याची कमाई अशा दाव्याने अडते, त्याला येत नाही.

यूट्यूबने २००७ मध्ये ‘कन्टेन्ट आयडी’ ही यंत्रणा आणली. संगीत व चित्रपट कंपन्या आपल्या कृतींचे नमुने तेथे जमा करतात. नवी चित्रफीत आली, की यंत्र ती नमुन्यांशी ताडून पाहते आणि जुळली की दावा ठोकते. ती बंद करायची, की जाहिरातींचा पैसा आपल्याकडे वळवायचा, हे दावेदाराने आधीच ठरवलेले असते. चोरी थांबवायला असे काहीतरी हवेच होते, हे मान्य. पण यंत्राला साम्य कळते, हेतू कळत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ टीका, समीक्षा व चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी उचित वापराची मुभा देते. चित्रपटाचे अर्ध्या मिनिटाचे दृश्य दाखवून त्यातील उणीव सांगणारा समीक्षक आणि अख्खा चित्रपट पळवणारा चोर, हा फरक यंत्राने कसा ओळखावा?

खरा घोळ पुढे आहे. दाव्याला हरकत घेतली, तर तिचा निर्णय तीस दिवसांत करणार कोण? तर दावेदारच! मी उभी हयात बँकेत काढली. वादातली रक्कम आम्हीही ‘सस्पेन्स’ खात्यात ठेवत असू. पण ती कोणाची, हे ठरवण्याचे काम भांडणाऱ्या दोघांपैकी एकाला कधी दिले नाही. त्यावर अपील केले, तर दावेदार चित्रफीत हटवण्याची कायदेशीर मागणी करू शकतो. ती मान्य झाली की ‘स्ट्राइक’. नव्वद दिवसांत असे तीन झाले, की सगळे चॅनेलच बंद होऊ शकते. मग बहुतेकजण गप्प बसतात.

आकडे बोलके आहेत. २०२१ च्या पहिल्या सहामाहीत ७२ कोटींहून अधिक दावे लागले. हरकती एक टक्क्याहूनही कमी. पण ज्यांनी घेतल्या, त्यांतल्या सुमारे साठ टक्के चित्रफीतकारांच्या बाजूने सुटल्या. हरकती कमी, म्हणून यंत्र अचूक, असे म्हणता येईल. पण शांतता समाधानाची असते, तशीच भीतीचीही असते.

अमेरिकेत एका आईने नाचणाऱ्या बाळाची २९ सेकंदांची फीत टाकली होती. मागे प्रिन्सचे गाणे वाजत होते. त्या खटल्यात २०१५ मध्ये अपील न्यायालयाने बजावले, की नोटीस देण्याआधी मालकाने उचित वापराचा विचार केलाच पाहिजे. मात्र यंत्राचा दावा ही कायद्यातली नोटीस नव्हे. तो कंपन्यांचा आपसातला करार. आपल्या कायद्यात २०१२ पासून तक्रारदाराला एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणावा लागतो, नाहीतर मजकूर पुन्हा खुला करता येतो. ही मुदत शहाणपणाची आहे. पण खाजगी दाव्यापुढे तीही हात टेकते.

यंत्राने संशय जरूर घ्यावा. निवाडा मात्र तिऱ्हाईत माणसाने करावा आणि वारंवार खोटा दावा करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागावी. नाहीतर चोर सुटेल आणि संन्यासी सुळावर जाईल, तोही मुकाट्याने.