वर्गात आलेली कृत्रिम बुद्धिमत्ता

शिर्डीच्या एका बाजूला लोणी, दुसऱ्या बाजूला कोपरगाव. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने 1983 मध्ये विनाअनुदानित तंत्रशिक्षणाला परवानगी दिली आणि त्याच वर्षी या दोन्ही गावांत अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. शेतकऱ्यांची मुले घराजवळ इंजिनिअर होऊ लागली.

आज त्याच वर्गांत चॅटजीपीटी पोहोचले आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2025 हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे वर्ष जाहीर केले. पण असाइनमेंट नेमकी कोणी लिहिली, हा प्रश्न प्राध्यापकांपुढे रोज उभा आहे. यंत्राचे लेखन ओळखणारी साधने चुकतात, आणि प्रामाणिक विद्यार्थ्यावर ठपका येतो. आमच्या मते तोंडी परीक्षेला पुन्हा वजन द्यायला हवे. मात्र भरलेल्या वर्गात त्यासाठी वेळ कुठून आणायचा?

या अंकात आम्ही ग्रामीण महाविद्यालयाच्या बाजूने पाहिले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अनेक प्रगत साधनांना पैसे भरावे लागतात, प्राध्यापकांचे प्रशिक्षण अपुरे आहे. तरीही इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाला चॅटजीपीटीसारखे साधन अवघड प्रकरण मराठीत समजावते, आणि हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

तुमच्या महाविद्यालयाने कोणते नियम केले, कुठे अडले, ते आम्हाला जरूर कळवा.