दुप्पट भाडे: मसूरची बैलगाडी आणि विमानातली जादा सीट

गेल्या अशोक विजयादशमीला आईला दीक्षाभूमीवर विमानाने नेले, पुणे ते नागपूर. तिच्या एकटीसाठी दोन सीट घेतल्या. हे कळल्यावर वाईच्या आमच्या अभ्यासवर्गातला एक पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, चळवळीतल्या माणसाने दोन-दोन सीटा अडवायच्या, मग प्रस्थापितांत आणि आपल्यात फरक काय?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तर लिहूनच देतो.

पूर्वी आई महाराष्ट्र एक्स्प्रेसने जायची. साताऱ्याला गाडी धरायची, जनरल डब्यात तिघींच्या बाकड्यावर पाच जणी. "सरका ओ ताई जरा" एवढ्यावर जागा व्हायची. एक रात्र आणि दुसरा जवळजवळ अख्खा दिवस. आता तिचा गुडघा वाकत नाही आणि वजन शंभर किलोच्या पुढे गेले आहे. विमानातली साधी सीट जेमतेम 17-18 इंच रुंद असते. मधली दांडी वर केल्याशिवाय ती बसूच शकत नाही, आणि दांडी वर केली की शेजारच्याची निम्मी जागा जाते. अशा जादा सीटला विमान कंपन्यांचा ठरलेला संकेत आहे, ईएक्सएसटी. प्रवाशाच्या नावाच्या रकान्यात तो लिहितात. म्हणजे रिकाम्या खुर्चीलाही नाव मिळते. आईला हे सांगितले तर ती चिडली. "माणूस एक आणि तिकिटं दोन? मी काय दोन माणसं हाय?"

तिच्या या प्रश्नाने मला थेट मसूरला नेले. 1901 साल. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. मोठा भाऊ आणि बहिणीची मुले यांच्यासोबत ते खटाव तालुक्यात कामावर असलेल्या वडिलांकडे निघाले होते. साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरले. मुलांचे कपडे नीटनेटके होते, म्हणून स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, पण जात कळताच त्याचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण बाटण्याच्या भीतीने एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली: मुलांनी भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. मसूर आपल्याच जिल्ह्यातले, कराड तालुक्यातले, हे किती जणांना ठाऊक आहे?

हिशेब बघा. त्या पोरांनी दुप्पट पैसे मोजले आणि त्यांना इंचभरही जास्त जागा मिळाली नाही. उलट गाडी हाकायचे कामही त्यांच्याच अंगावर आले. अंतर हवे होते गाडीवानाला, आणि त्याची किंमत भरली मुलांनी. अस्पृश्यतेचे अर्थकारण याहून स्पष्ट मला एमएच्या दोन वर्षांत कुठल्या पुस्तकात सापडले नाही.

आता 2020 कडे या. करोनात विमानातली मधली सीट रिकामी ठेवायची की नाही, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. जूनमध्ये न्यायालयाने ती सीट भरायला परवानगी दिली. पुढच्याच महिन्यात इंडिगोने एका प्रवाशाला दोन सीट घेण्याची योजना आणली. 24 जुलैपासूनच्या प्रवासासाठी ती होती आणि जादा सीटचा आकार मूळ भाड्याच्या 25 टक्क्यांपर्यंत सांगितला होता. थोडक्यात, जे अंतर सगळ्यांना मिळाले नाही ते पैसे भरणाऱ्याला मिळू लागले. 'सोशल डिस्टन्सिंग' या शब्दावर तेव्हा आपण रास्त आक्षेप घेतला होता. जागतिक आरोग्य संघटनाही मार्च 2020 पासून 'शारीरिक अंतर' म्हणू लागली होती.

तरीसुद्धा मी म्हणतो, स्वतःला अंतर हवे आणि स्वतःच्या खिशातून त्याचे पैसे भरले, तर त्या माणसाशी माझे भांडण नाही. कोणाला पाय पसरायचे असतील, कोणाला झोपायचे असेल. मसूरच्या गाडीवानापेक्षा हा व्यवहार कितीतरी सरळ आहे. (आपल्यातल्या काही साहेबांना आता वस्तीतला माणूस शेजारी बसलेला चालत नाही, ती गोष्ट वेगळी. त्यांनी सीट विकत घेतली काय आणि न घेतली काय.)

पण आईला अंतर नको होते. तिला फक्त बसायचे होते. जी जागा इतरांना एका तिकिटात मिळते तीच मिळवायला तिला दोन तिकिटे लागली. म्हणून त्या पोराला माझे सांगणे आहे की तिची जादा सीट प्रस्थापितांच्या थाटापेक्षा मसूरच्या दुप्पट भाड्याच्या जास्त जवळची आहे. जात आणि शरीर एक नव्हेत, हे मलाही कळते; गुडघ्याला कोणी विटाळ मानत नाही. पण एक मापाचा माणूस गृहीत धरायचा आणि त्या मापात न बसणाऱ्याकडून जास्त वसूल करायचे, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

याला पर्याय आहे. कॅनडात 2008 साली तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने निर्णय दिला की देशांतर्गत विमानप्रवासात अपंगत्वामुळे जादा सीट लागत असेल तर भाडे एकाच माणसाचे घ्यायचे. अतिस्थूलतेमुळे ज्यांना अपंगत्व आले आहे तेही त्यात धरले. कंपन्या विरोधात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, पण न्यायालयाने त्यांचे अपील ऐकायला घेतले नाही. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. स्थूलता त्यात नाही. एसटी मात्र दिव्यांगाला सवलत देते आणि गंभीर अपंगत्व असेल तर सोबत्यालाही देते. म्हणजे एका माणसाला जास्त जागा किंवा मदत लागू शकते, हे लाल डब्याला कळते.

"विमान हा पैसेवाल्यांचा प्रश्न, आपली माणसे अजून वीटभट्टीवर आहेत," असेही कोणी म्हणेल. वीटभट्टीचा प्रश्न मोठाच आहे आणि त्यावर आपले काम चालूच आहे. पण ते पाणी प्यायलो नाही तर मरू म्हणून 1927 साली कोणी चवदार तळ्यावर गेले नव्हते.

येत्या रविवारी अभ्यासवर्गात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला द्यायच्या निवेदनावर बसणार आहोत. मागणी एकच: वैद्यकीय दाखला असेल तर एक माणूस, एक भाडे. मसुदा करायचे काम त्या पोरालाच दिले आहे. तो अजून पूर्ण पटल्यासारखा दिसत नाही, पण लिहायला बसला आहे.