तिसऱ्या भाषेवर भांडलो, दुसऱ्या भाषेचा हिशेब कोण मागणार?

पहिलीपासून हिंदीचा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, त्यावर १७ जूनची दुरुस्ती, आणि २९ जूनला दोन्ही रद्द. अडीच महिने महाराष्ट्र तिसऱ्या भाषेवर पेटला होता. नंतर डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. या गदारोळात दुसऱ्या भाषेबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली. पंचवीस वर्षे झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघालेल्या आपल्या मुलांना किती इंग्रजी आली?

‘असर’च्या २०२२ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील २४.५ टक्के मुले इंग्रजीची सोपी वाक्ये वाचू शकत होती. २०१६ साली हे प्रमाण २४.७ टक्के होते. म्हणजे सहा वर्षांत गाडी जागची हलली नाही. २०२३ ला याच संस्थेने १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली, त्यात महाराष्ट्रातून नांदेड जिल्हा निवडला होता. देशपातळीवर ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली, आणि वाचणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही.

नांदेड-लातूरच्या वस्त्यांमधील अभ्यासिकांत बसले की या आकड्यांमागचे दुखणे दिसते. नववीच्या मुलीला ‘प्रेझेंट परफेक्ट’ची व्याख्या तोंडपाठ असते, पण ‘मला ताप आलाय’ हे इंग्रजीत सांगताना ती अडते. कारण मराठीत ताप ‘मला’ येतो. इंग्रजीत ‘मी’ ताप बाळगतो, ‘आय हॅव ए फीवर’. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी, त्यांचे मध्ये. ‘जेवलास का?’ म्हणताना आपण शेवटी ‘का’ लावून मोकळे होतो. इंग्रजीत ‘डिड’ आधी येतो आणि भूतकाळ स्वतःकडे घेतो, म्हणून पुढे ‘एट’ न राहता ‘ईट’ होते. मुलगी ‘डिड यू एट’ म्हणते तेव्हा ती ढ नसते. हा फरक तिला कुणी मराठीशी ताडून दाखवलेलाच नसतो. ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांना तर आपल्याकडे जोडच नाही.

शब्दांचेही तसेच. स्टँड, लाइट, टाइम, पेशंट, बिल असे शेकडो इंग्रजी शब्द आपल्या बोलीत रुळलेत. अडते ते किरकोळ वाटणाऱ्या शब्दांपाशी. ढाक्यात शिक्षकांना प्रशिक्षण देणारे मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या प्रश्नावर १९२६ साली पुस्तक लिहिले, आणि १९५३ साली सर्वाधिक लागणाऱ्या सुमारे २००० शब्दांची यादी काढली. साध्या इंग्रजी मजकुरातील दर पाचांपैकी साधारण चार शब्द या यादीतले असतात. २००० शब्द दहा वर्षांत शिकवायचे म्हणजे वर्षाला २००. हे काही डोंगर उचलणे नव्हे.

बाबासाहेबांचे इंग्रजी कसे घडले हे आपण जयंतीच्या भाषणात फारसे सांगत नाही. सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी घरी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून मराठीचे इंग्रजी करायला लावले. मराठीच्या आधाराने, रोज. आज मात्र वर्गात मराठी बोलू नका अशी पाटी लावणाऱ्या स्वस्त इंग्रजी शाळेत मोलमजुरी करणारा बाप फी भरतो, आणि तिथल्या शिक्षकालाच दोन वाक्ये धड बोलता येत नाहीत. त्या बापाला दोष देता येत नाही. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा कारभार उर्दूतून चालायचा. घरात इंग्रजीचा वारसा बहुतेकांकडे नाहीच.

याची किंमत पुढे मोजावी लागते. लातूर पॅटर्नच्या नावाने गावोगावची मुले लातुरात येतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलापुढे अकरावी विज्ञानाला इंग्रजी पुस्तक येते. नीटचा पेपर मराठीत घेता येतो, पण वर्ग, नोट्स, सराव सगळे इंग्रजीत. जीवशास्त्र कळण्याआधी वाक्यच कळत नाही, आणि मुलगा स्वतःलाच कमी समजू लागतो. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, तरी ३०० गुणांच्या इंग्रजीच्या पेपरात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे गुणच धरले जात नाहीत. वकिली, संशोधन, परदेशी शिष्यवृत्ती, सगळीकडे हाच उंबरठा.

तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजीचे वचन देणाऱ्या क्लासवाल्यांवर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा विहारातील अभ्यासिकेत बी.ए. झालेल्या एखाद्या ताईने रोज अर्धा तास वर्तमानपत्रातील पाच मराठी वाक्यांचे इंग्रजी करून घेतले तर जास्त होईल. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि वंचित घटकांना त्यात प्रमाणात जागा आहेत. आपले पालक सही करून परत येतात. पुढच्या बैठकीत त्यांनी एवढेच म्हणावे: सातवीतील कोणत्याही मुलाला समोर बोलवा, इंग्रजीच्या पुस्तकातील पाच ओळी वाचायला द्या, आणि त्यांचा अर्थ आम्हाला मराठीत सांगू द्या.