उटीची गाडी आणि उचलीचा इतिहास

डिसेंबर उजाडला की समाजमाध्यमांवर एक छोटी निळी गाडी धावू लागते. मेट्टुपाळयम ते उदगमंडलम, म्हणजे आपली उटी. धुके, बोगदे, उतारावरचे चहाचे मळे आणि खिडकीबाहेर काढलेला भ्रमणध्वनी. आजचा धागा याच गाडीविषयी आहे. ही चित्रे सुंदर असतात, याबद्दल माझा वाद नाही. माझे म्हणणे एवढेच की देवणी-उदगीरकडच्या माणसाला या खिडकीतून आणखी काही दिसायला हवे. चहाच्या मळ्याचा इतिहास उलगडण्याची किल्ली आपल्या बोलीत एका शब्दाच्या रूपाने पडून आहे. तो शब्द म्हणजे ‘उचल’.

आधी वाट सांगतो. देवणीकर गाडी धरतो ती उदगीरला. नांदेडहून बंगळुरूला जाणारी गाडी बीदर, विकाराबाद, रायचूर, गुंतकल, अनंतपूर अशी दख्खनच्या पठारावरून दक्षिणेकडे उतरते. ऐन पौषातही दुपारी रायचूर-गुंतकलच्या फलाटावर सावली शोधावी लागते. पहाटे उदगीरला अंगावर घेतलेली शाल तोवर पिशवीत गेलेली असते. बंगळुरूहून पुढे सेलम, इरोड, कोइम्बतूर. तीही उबदार, कापसाच्या आणि सूतगिरण्यांच्या मुलखातली गावे. मेट्टुपाळयम डोंगराच्या अगदी पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर. तिथून शेहेचाळीस किलोमीटरमध्ये गाडी सुमारे २,२०० मीटर उंचीवर पोहोचते आणि त्याला जवळजवळ पाच तास घेते. खाली सुपारीच्या बागा, मध्ये दाट रान, आणि कुन्नूर जवळ आले की चहा. जानेवारीत उटीच्या हिरवळीवर पहाटे हिमकण पांढरे दिसतात, त्याच दिवशी पायथ्याशी लोक पंख्याखाली बसलेले असतात.

हा लोहमार्ग १८९९ साली कुन्नूरपर्यंत आणि १९०८ साली उटीपर्यंत पोहोचला. कल्लार ते कुन्नूर या चढावर दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवलेल्या आहेत. इंजिनाचे दातेरी चाक त्यांत अडकत अडकत चढते आणि इंजिन डब्यांना मागून ढकलते. २००५ साली युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या गौरवात चाके आहेत, पूल आहेत, बोगदे आहेत. मळ्यात चहा खुडायला जी माणसे आणली गेली त्यांचा उल्लेख पर्यटकाच्या हाती पडणाऱ्या माहितीपत्रकांत क्वचितच सापडतो.

ती माणसे आली कशी? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निलगिरी, अनामलै, त्रावणकोरचे डोंगर आणि समुद्रापलीकडचे सिलोन इथे मळे वाढले. तिथे राहणारे मजूर पुरेसे नव्हते, आणि जे होते ते मळेवाल्यांच्या अटींवर राबायला तयार नव्हते. मग तमिळ मैदानी प्रदेशातल्या दुष्काळी गावांकडे माणूस पाठवला जाई. त्याला ‘कंगाणी’ म्हणत. तो बहुधा त्याच गावचा, त्याच जातीचा, ओळखीपाळखीचा. मळ्याकडून रक्कम घेऊन तो कुटुंबांना आगाऊ पैसे देई. जुने कर्ज फेडणे, लग्न, प्रवासखर्च, सारे त्यात. नंतर ती टोळी मळ्यावर पोहोचवणे, तिच्याकडून काम करून घेणे आणि हजेरीमागे आपला वाटा उचलणे हे त्याचे काम. कुटुंब मळ्यावर पोहोचे तेव्हा कर्जदार म्हणूनच पोहोचे. सिलोनमध्ये तर ‘तुंडू’ नावाची चिठ्ठी असे. टोळीच्या डोक्यावर किती कर्ज आहे ते तीत लिहिलेले. दुसऱ्या मळ्याने तेवढी रक्कम भरली की टोळी तिकडे जाई. माणसांचा व्यवहार कर्जाच्या चिठ्ठीवर होई. ही पद्धत १९२१ साली कायद्याने बंद झाली.

मराठवाड्यातल्या वाचकाला यातले काहीही समजावून सांगावे लागणार नाही. कंगाणीच्या जागी मुकादम ठेवा, आगाऊ रकमेच्या जागी उचल ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून, आणि आमच्याकडे मुखेड-कंधारच्या तांड्यांतून, ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसात जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात किंवा हिशेबात चढतात. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर उरलेली बाकी पुढच्या वर्षावर.

मळ्यांच्या भाषेतही असाच एक शब्द होता: ‘अर्धे नाव’. ठरलेल्या वजनाइतकी पाने खुडली नाहीत तर हजेरीपटावर त्या दिवशी अर्धेच नाव लागे, म्हणजे अर्धी मजुरी. ‘अर्धा कोयता’ आणि ‘अर्धे नाव’ यांचा अर्थ एक नाही, हे मान्य. एकात माणूस मोजला जातो, दुसऱ्यात त्याचा दिवस. पण अपूर्णांकात माणूस लिहिण्याची सवय दोन्ही वह्यांना आहे, आणि मला ती योगायोगाची वाटत नाही. आगाऊ रकमेने बांधलेल्या श्रमाचा हिशेब ठेवू लागले की वही अशीच भरत जाते.

आता रेल्वेकडे परत येऊ, कारण या कथेत रेल्वे नुसते वाहन नाही. आसामच्या सीमेवरच्या चरगोला खोऱ्यातून मे १९२१ मध्ये हजारो चहा मजूर गांधीजींच्या नावाचा घोष करीत मळे सोडून निघाले. करीमगंज स्थानकावर त्यांना तिकिटे मिळू नयेत अशी खटपट झाली. तरीही त्यांतले पुष्कळजण चांदपूरच्या बंदरापर्यंत पोहोचले. तिथे २० मेच्या रात्री स्थानकात झोपलेल्या माणसांना गुरखा सैनिकांनी मारहाण करून बाहेर काढले. पाठोपाठ पटकीची साथ आली. निषेध म्हणून आसाम-बंगाल रेल्वेच्या कामगारांनी संप केला. मजुरांना मळ्याकडे नेणारी गाडी सहज मिळते आणि परतीची अडवली जाते, हा त्या काळचा नियमच होता असे म्हणायला हरकत नाही.

दक्षिणेत उलटे घडले. तिथे परतीची गाडी लादली गेली. सिलोन स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांतले बहुसंख्य तमिळ मजूर एका फटक्यात देशहीन झाले. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला आणि सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यावीत असे ठरले. ज्यांचे आजे-पणजे गेले होते ती माणसे तलैमन्नारहून जहाजाने रामेश्वरमला आणि तिथून पुढे गाडीने अशा देशात आली जो त्यांनी पाहिलेलाच नव्हता. त्यांतल्या अनेकांना निलगिरीत पाठवण्यात आले. त्यांच्या पुनर्वसनासाठी १९६८ पासून तमिळनाडू सरकारने चहाचे मळे लावले. कुन्नूर, कोटगिरी, गुडलूरच्या उतारांवर पाठीला टोपली बांधून चालणाऱ्या ज्या बायका आपल्या छायाचित्रात ‘स्थानिक रंग’ भरतात, त्यांच्यातल्या कित्येकींचे घराणे दोनदा स्थलांतरित झालेले आहे.

आणि आपला चहा? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे प्रभृती मंडळी चहा प्यायली म्हणून केवढे ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. (आक्षेप चहापेक्षा तो कुणाच्या हातचा याला होता, हेही लक्षात ठेवावे.) त्यानंतर अर्ध्या शतकात चहा पाहुणचाराचा पहिला उपचार कसा झाला? आपोआप तर नक्कीच झाला नाही. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून पुढे हिंदुस्थानातच गिऱ्हाईक तयार करण्याची मोहीम निघाली. गिरण्या, खाणी आणि रेल्वेची जंक्शने ही तिची मुख्य ठाणी होती. चहा करून दाखवला गेला, किटल्या आणि पुड्या पुरवल्या गेल्या, फलकांवर कृती रंगवल्या गेल्या. विक्रेत्याने मात्र आपली अक्कल वापरली. पत्ती कमी, दूध-साखर जास्त. मळेवाल्यांच्या प्रचारकांना हे मुळीच रुचले नाही. आपण आज ज्याला अस्सल देशी चहा म्हणतो तो या अवज्ञेतून जन्मला.

साखर जास्त, हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. आपल्या पेल्यात दोन वस्तू विरघळतात, पत्ती आणि साखर. एक कंगाणीच्या उचलीने खुडली गेली, दुसरी मुकादमाच्या उचलीने तोडली जाते. फरक क्रियापदाच्या काळाचा आहे, आणि माझा सारा आग्रह त्या फरकापाशी येऊन थांबतो.

१९५१ साली संसदेने मळा कामगार कायदा केला. घर, पिण्याचे पाणी, दवाखाना, पाळणाघर, मुलांचे शिक्षण, कामाच्या तासांना मर्यादा या गोष्टी मळेमालकावर बंधनकारक झाल्या. त्याच दशकात दक्षिणेतल्या मळ्यांतून कंगाणी पद्धत हटवण्यात आली आणि मजुराचे नाव थेट मळ्याच्या पटावर आले. याच सुमारास, १९५०-५१ च्या हंगामात, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकरी कारखान्याचा मालक झाला, ही आशियातल्या शेतीच्या इतिहासातली मोठी गोष्ट होती आणि मी ती कमी लेखणार नाही. पण सहकाराच्या त्या चित्रात सभासद होता, संचालक होता, आतला कामगार होता. ऊस तोडणारा नव्हता. तो तोडणी-वाहतुकीच्या कंत्राटात गेला, खर्चाचे एक कलम होऊन. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून अशी माणसे लोंढ्याने निघू लागली तेव्हा ती चौकट तयारच होती.

यावर नेहमीचे उत्तर असते की मळा बारमाही आणि ऊसतोड हंगामी, तुलना कशी करणार? पण हंगामी काम म्हणजे मालक नसलेले काम असे कुठे ठरले आहे? हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. तेवढ्या काळात माणसे आजारी पडतात, बायका बाळंत होतात, मुलांची वर्षे वाया जातात. साखरशाळा आल्या आणि विरल्या, हंगामी वसतिगृहे कागदावर भरभक्कम दिसतात. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. २०१९ साली ही आकडेवारी गाजली, चौकशी समिती नेमली गेली. पाळी म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे उचलीवर वाढ, हा हिशेब त्या आकड्यामागच्या कारणांत आहे.

कायदा झाला म्हणजे मळ्यात सुख नांदले असेही मी म्हणत नाही. २०१५ साली मुन्नारच्या चहा मळ्यांतल्या बायकांनी ‘पेंपिळै ओरुमै’ नावाने रस्ता अडवला तेव्हा त्यांचा राग मालकावर होताच, पण आपल्याच पुरुषांच्या हाती असलेल्या कामगार संघटनांवरही होता. घरे गळकी होती, मजुरी तुटपुंजी होती. तरीही त्यांना रस्ता कुणाविरुद्ध अडवायचा हे माहीत होते. पटावर नाव होते, समोर मालक होता. आपली ऊसतोड करणारी बाई कुणाच्या दारात बसणार? कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो मलाच कारखान्याकडून उचल मिळाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ स्थापन झाले, ओळखपत्रांची बोलणी झाली, हे स्वागतार्ह. पण कल्याण ही एक गोष्ट आणि मालकाची जबाबदारी ही दुसरी. १९५१ च्या कायद्याने दुसरी गोष्ट केली होती.

शेवटी एक बाब देवणीपुरती. आमचा तालुका कर्नाटकाच्या हद्दीला लागून आहे. या टापूतली टोळी पलीकडच्या राज्यातल्या उसात गेली की ती आंतरराज्य स्थलांतरित ठरते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने अशा मजुराला छायाचित्र असलेले पासबुक, प्रवासभत्ता आणि विस्थापनभत्ता देण्याचे बंधन कंत्राटदारावर घातले. पुढे तो कायदा २०२० च्या संहितेत विलीन झाला. त्या चाळीस वर्षांत देवणी, उदगीर, मुखेडमधून सीमा ओलांडणाऱ्या किती कोयत्यांना असे पासबुक मिळाले? या भागातल्या वाचकांपैकी कुणाच्या घरात एखादे जपून ठेवलेले असेल, तर त्यावरची नोंद कशी आहे, पूर्ण नावाची की जोडीची, ते जरूर कळवावे.